सौर यंत्रणा अनुकूलनात बसते का? आधी जुलै महिना बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईतल्या एका संस्थेत काम करणाऱ्या ताईंनी जव्हार-मोखाडा भागासाठी प्रपोजल केलं: दोन प्राथमिक आरोग्य केंद्रांवर सौर यंत्रणा आणि सहा पाड्यांवर सौरपंप. हवामान अनुकूलनासाठी, म्हणजे बदलत्या हवामानाला तोंड द्यायच्या तयारीसाठी, पैसे देणाऱ्या परदेशी फंडरने ते परत पाठवलं. त्याचं म्हणणं, हे ऊर्जेचं काम आहे. मग त्या ऊर्जेच्या फंडरकडे गेल्या. तो म्हणाला, पालघर जिल्ह्यात वीज केव्हाच पोचली आहे, आम्ही वीज नसलेल्या भागांत काम करतो. आता त्या विचारतायत की आंतरराष्ट्रीय विकास धोरणात या दोन गोष्टी एकमेकींपासून अशा फटकून का आहेत आणि आपण त्या जोडायच्या कशा.

ताई, हे माझ्या रोजच्या कामातलं दुखणं आहे, म्हणून सविस्तर लिहिते. गेली २२ वर्षं मी विकास बँका आणि हवामान निधी यांच्यासाठी प्रकल्प लिहिते आणि तपासते. परत पाठवणाऱ्यांत मी बसले आहे आणि परत आलेली प्रपोजलंही पुन्हा पुन्हा लिहिली आहेत.

तुमचा प्रश्न मी जरा फिरवून मांडते. वीज म्हणजेच अनुकूलन हे फंडरला कसं पटवायचं, असं तुम्हाला विचारायचंय. पण तसं नसतंच. ज्या दिवशी पाऊस कोसळतो, घाटात दरड येते, किंवा पाऊस महिनाभर दडी मारतो, किंवा रात्रीसुद्धा पत्र्याखाली जीव घुसमटतो, त्या दिवशी एखादं काम विजेमुळे थांबलं नाही आणि त्यामुळे माणूस वाचला किंवा पीक वाचलं, तर तेवढ्यापुरती ती वीज अनुकूलनात मोडते. वर्षाचे बाकीचे दिवस ती सोय असते. सोय हवीच, तिच्यावर गरिबांचा हक्क आहे, पण तिच्यासाठी पैसे मागायची जागा वेगळी. तेव्हा तुमच्यापुढचे खरे प्रश्न हे: तुमच्या भागात वाईट दिवस कोणते? त्या दिवसांत काय बंद पडता कामा नये? आणि तुम्ही लावणार ते यंत्र नेमकं त्याच दिवसांत चालेल का? तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक प्रपोजलं अडकतात, त्यावर पुढे येतेच.

आधी या दोन गोष्टी वेगळ्या पडल्या कशा ते सांगते, म्हणजे समोरचा माणूस असा का वागतो ते कळेल.

हवामान बदलाचा जागतिक करार १९९२ साली झाला तेव्हा सगळा भर हरितगृह वायूंचं उत्सर्जन कमी करण्यावर होता, आणि उत्सर्जन म्हटलं की कोळसा, तेल, वीज. त्यामुळे ऊर्जा पहिल्यापासून उत्सर्जन कपातीच्या चोपडीत गेली. अनुकूलनाकडे लक्ष मागाहून गेलं आणि त्याच्या वाट्याला बंधारे, बियाणं, खारफुटी, वादळ-निवारे आले. गरिबाच्या घरातली वीज तिसऱ्याच चोपडीत. सन २००० च्या सहस्रक विकास उद्दिष्टांत ऊर्जेचं स्वतंत्र उद्दिष्टच नव्हतं. २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत ते आलं, पण सातव्या क्रमांकावर; हवामान तेराव्या क्रमांकावर. दोन्हींची मोजमापं वेगळी, बैठका वेगळ्या, बहुतेक देशांत मंत्रालयंही वेगळी.

पैशाचा हिशोबही तसाच चालतो. श्रीमंत देश आपल्या मदतीची नोंद ओईसीडी या त्यांच्या आर्थिक संघटनेकडे करतात. तिथे प्रत्येक प्रकल्पावर खुणा करायच्या असतात: उत्सर्जन कपातीची एक, अनुकूलनाची दुसरी. मुख्य उद्देश असेल तर २, महत्त्वाचा पण दुय्यम असेल तर १, संबंध नसेल तर ०. एकाच प्रकल्पाला दोन्ही खुणा मिळू शकतात, नियमात आडकाठी नाही. पण 'सौर' शब्द दिसला की फॉर्म भरणारा माणूस उत्सर्जन कपातीपुढे २ लिहून मोकळा होतो. अनुकूलनापुढे काही लिहायचं तर कारण द्यावं लागतं आणि ते कारण त्याला प्रपोजलमध्ये सापडत नाही.

त्यात अनुकूलनाच्या पैशाची आधीच टंचाई. ओईसीडीच्याच हिशोबाप्रमाणे २०२२ साली विकसित देशांकडून विकसनशील देशांकडे हवामानासाठी सुमारे ११६ अब्ज डॉलर आले, त्यात अनुकूलनाचे साधारण ३२ अब्ज. म्हणून तो पैसा सांभाळणारा माणूस ऊर्जेच्या प्रकल्पाकडे संशयाने बघतो, की हे दुसऱ्या चोपडीतला खर्च माझ्या चोपडीत ढकलतायत. त्याचा संशय रास्त आहे. जुन्याच सौर प्रकल्पाच्या पहिल्या पानावर 'अनुकूलन' शब्द घालून पाठवलेली प्रपोजलं मी स्वतः वाचली आहेत, आणि परत पाठवली आहेत.

२०२३ च्या दुबईतल्या जागतिक हवामान परिषदेत अनुकूलनाच्या जागतिक उद्दिष्टासाठी सात विषय ठरले: पाणी, अन्न व शेती, आरोग्य, परिसंस्था, पायाभूत सुविधा व वस्त्या, गरिबी व उपजीविका, सांस्कृतिक वारसा. ऊर्जेला स्वतंत्र मथळा मिळाला नाही म्हणून माझे काही सहकारी नाराज आहेत. मला ते योग्यच वाटतं. पाणी उपसायला वीज लागते, लस थंड ठेवायला लागते, धान्य-मासळी टिकवायला लागते, वादळाचा इशारा पाड्यापर्यंत पोचायला लागते. ती या विषयांच्या आतच असायला हवी. वेगळा मथळा मिळाला असता तर आणखी एक चोपडी उघडली असती, एवढंच.

दुसऱ्या फंडरचं "वीज पोचली आहे" हेही समजून घ्या. जगात २०२२ साली सुमारे ६८.५ कोटी लोकांकडे वीजच नव्हती, त्यातले बहुतेक आफ्रिकेत. दहा वर्षांहून जास्त काळ उतरत आलेला हा आकडा त्या वर्षी पहिल्यांदाच वाढला. तेव्हा त्याने आपला पैसा तिकडे वळवला तर त्याला दोष देता येणार नाही. त्याची चूक मोजण्यात आहे. सातव्या उद्दिष्टातला पहिला आकडा किती लोकांकडे वीज आहे एवढंच विचारतो. आपल्याकडे २८ एप्रिल २०१८ ला देशातल्या सगळ्या गावांत वीज पोचल्याचं जाहीर झालं; तेव्हाच्या व्याख्येप्रमाणे गावातली शाळा-दवाखान्यासारखी सार्वजनिक ठिकाणं आणि १० टक्के घरं जोडली की गाव विद्युतीकरण झालेलं. वीज किती तास टिकते, व्होल्टेज किती असतं, पावसात गेली तर कधी येते, हे त्यात नाही. जागतिक बँकेच्या ऊर्जा विभागाने २०१५ मध्ये शून्य ते पाच अशा पायऱ्यांची पद्धत काढली, तीत तास, भरवसा, व्होल्टेज, परवडणं हे सगळं मोजलं जातं. तुमच्या प्रपोजलमध्ये ती पद्धत वापरा. "मोखाड्यात वीज आहे" यापेक्षा "या आरोग्य केंद्रात जुलैत अमुक तास वीज नव्हती" हे वाक्य ऊर्जेच्या फंडरलाही विचार करायला लावतं.

आता कागदावरून खाली उतरू.

कॅरिबियन समुद्रातल्या प्वेर्तो रिको बेटावर २० सप्टेंबर २०१७ ला मारिया चक्रीवादळ आदळलं. सुरुवातीला सरकारी नोंदीत ६४ मृत्यू होते. नंतर अभ्यास करून हा आकडा २,९७५ केला गेला. मधल्या महिन्यांत बेटावर वीज नव्हती. पूर्ण पुरवठा यायला जवळजवळ ११ महिने लागले. उपचार खंडित होणं हे त्या वाढीव मृत्यूंमागचं एक मोठं कारण. वादळ दिवसभराचं होतं, माणसं महिनोन् महिने जात राहिली.

आपल्या दाराशी ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर आलं. हजारो खांब पडले आणि श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा भागातल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. मी पावसाळा सरता सरता तिकडे गेले होते. एका वाडीत एका आजींनी मला विहीर दाखवली. नळपाणी योजना आली, मोटर बसली, तेव्हा विहिरीवरचा रहाट काढून टाकला होता, आणि त्याच्या खांबांचं लाकूड कुणीतरी गोठ्याला वापरलं होतं. वादळानंतर मोटर बंद, टाकी रिकामी, आणि पाणी ओढायला रहाटही नाही. मग घरातल्या लेकी-सुनांनी नायलॉनच्या दोरीने हातानेच पाणी ओढलं. कठड्याच्या दगडावर त्या दोरीची ताजी खाच पडली होती. आजी त्या खाचेवर बोट फिरवत बोलत होत्या.

ती खाच मी विसरू शकत नाही. तोवर मी मानत होते की वीज दिली की माणूस संकटाला थोडा तरी जास्त तोंड देऊ शकतो. त्या वाडीत उलटं झालं होतं. विजेने जुना आधार काढून घेतला होता आणि नव्याला पर्याय ठेवला नव्हता. म्हणून आता कुठल्याही प्रकल्पात मी पहिल्यांदा विचारते: ही वीज येण्याआधी लोक हे काम कसं करत होते, आणि वीज गेली तर ते पुन्हा तसं करू शकतील का? विहिरीवर मोटर बसवा, पण रहाट राहू द्या. त्याला खर्च नगण्य येतो. प्रपोजलमध्ये ती एक ओळ असेल तर तपासणाऱ्याला कळतं की लिहिणारा तिथे जाऊन आला आहे.

आता तुमच्या आरोग्य केंद्रांकडे येते, कारण माझ्या मते तुमच्या प्रपोजलचा सगळ्यात भक्कम भाग तोच आहे आणि सगळ्यात कच्चा लिहिला जाण्याची भीतीही तिथेच आहे.

काही वर्षांपूर्वी जुलैत मी पालघर जिल्ह्यातल्याच एका प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन दिवस होते. आदल्या रात्री झाड पडून लाइन तुटली होती आणि नाल्याला पाणी असल्यामुळे वायरमन पलीकडेच अडकला होता. केंद्राच्या छपरावर कुणा देणगीदाराने दिलेली पॅनल्स होती, पण इन्व्हर्टरवर लाल दिवा. सिस्टरनी मला बॅटरीच्या खोलीत नेलं, एका बॅटरीचं बूच उघडून दाखवलं. आत कोरडं. त्या म्हणाल्या, "मॅडम, पॅनल लावलं, फोटो काढला, गेले. बॅटरीला पाणी कोण घालणार ते कुणी सांगितलंच नाही." मग त्या लसींच्या फ्रिजकडे वळल्या. तो वरून उघडतो, कडेने बर्फाचं अस्तर असतं, सगळे त्याला आयएलआर म्हणतात. झाकण न उघडता त्यांनी काट्यावरचं तापमान वाचलं, वहीत लिहिलं. लस २ ते ८ अंशांत राहायला हवी. दिवसातून दोनदा ही नोंद होते. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी निळ्या पेनाने लिहिलं, "लाइट नाही". मी मागची पानं चाळली. जून, जुलै, ऑगस्ट: "लाइट नाही", "लाइट नाही", "रात्री ११ ला आली". त्या रात्री एक बाळंतपण झालं, मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात. आई आणि मूल दोघंही सुखरूप होती, हे सिस्टरांचं कौशल्य. त्याला यंत्रणा म्हणता येणार नाही.

या प्रसंगातून तीन गोष्टी घ्या.

पहिली, जुलै. तुमच्या भागात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि लाइन तुटते ती पावसात. सौर पॅनल सगळ्यात कमी वीज देतं तेही पावसातच. कोकणपट्ट्यात जुलै-ऑगस्टचं ऊन एप्रिल-मेच्या निम्म्याच्या आसपास येतं, आणि सलग झड लागली तर त्याहूनही कमी. विक्रेता तुम्हाला वर्षाच्या सरासरीवर यंत्रणा मोजून देईल. ती वर्षभर छान चालेल आणि नेमकी वाईट आठवड्यात मान टाकेल. अनुकूलन म्हणून पैसे मागायचे तर मोजमाप जुलैवर करा: फ्रिज, प्रसूतिगृहातले दोन दिवे, ऑक्सिजनचं यंत्र, वायरलेस किंवा मोबाइल चार्जिंग एवढाच भार वेगळ्या सर्किटवर घ्या आणि तो सलग तीन ढगाळ दिवस कसा चालेल ते आकड्यांत दाखवा. ओपीडीतले पंखे त्या सर्किटवर नकोत. लसींसाठी बॅटरीशिवाय थेट सौरवर चालणारे फ्रिजही मिळतात, ते थंडावा बर्फातच साठवतात. बॅटरीची कटकट टळते, पण माहितीपत्रकात गृहीत धरलेलं ऊन तुमच्या जुलैत मिळतं का ते आधी तपासा.

आणि डिझेल जनरेटर असेल तर तो फेकू नका. सौर निधीवाल्यांना तो आवडत नाही, तरी ठेवा. चौथ्या दिवशी तोच उपयोगी पडतो. फक्त घाट बंद झाला की डिझेलही येत नाही, हे लक्षात घेऊन जूनच्या आधी साठा करायचा.

दुसरी गोष्ट, बॅटरीचं पाणी. आंतरराष्ट्रीय पैसा यंत्र विकत घ्यायला मिळतो, ते चालू ठेवायला मिळत नाही. माझ्या दृष्टीने या सगळ्या धोरणातला हा सगळ्यात मोठा दोष आहे. तीन वर्षांनी प्रकल्प संपतो, बॅटरी साधारण त्यानंतरच जाते. तुमच्या बजेटमध्ये पाच वर्षांचा देखभाल करार आणि एकदा बॅटरी बदलायचा खर्च आजच धरा, त्यासाठी पॅनलं कमी करावी लागली तरी चालतील. रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून दरवर्षी किती रक्कम यासाठी ठेवता येईल ते समितीच्या ठरावात घ्या. छत्तीसगडमध्ये शेकडो आरोग्य केंद्रांवर सौर यंत्रणा बसल्या, तिथे राज्याच्या अक्षय ऊर्जा संस्थेकडे देखभालीची जबाबदारी होती. ही जबाबदारी कुणाच्या तरी नावावर असणं फार महत्त्वाचं आहे.

तिसरी गोष्ट, सिस्टरांची वही. तिच्याकडे शेवटी येते.

सौरपंपांचं मात्र परिस्थितीवर फार अवलंबून आहे, आणि इथे मला तुमच्या प्रपोजलबद्दल थोडी काळजी वाटते. मोखाड्यात पाऊस धो धो आणि एप्रिलमध्ये टँकर, ही विचित्र स्थिती तुम्हाला माहीत आहेच. वैतरणेचं पाणी धरणांतून मुंबईच्या नळांना येतं आणि धरणाजवळचा पाडा उन्हाळ्यात तहानलेला राहतो. तिथे बंधाऱ्यातलं किंवा नदीतलं पाणी सौरपंपाने वर उचलून टाकीत घेतलं, त्यावर मोगरा, भाजीपाला, थोडा हरभरा झाला, आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारं कुटुंब गावात राहिलं, तर ते अनुकूलनच आहे. एक पीक बुडालं तर दुसरा आधार आहे. शिवाय उन्हाळ्यात ऊन भरपूर, म्हणजे वाईट महिन्यात यंत्र पूर्ण ताकदीने चालतं. आरोग्य केंद्राच्या अगदी उलट.

पण तोच पंप बोअरवर लावलात तर माझं मत बदलेल. आपला बहुतेक महाराष्ट्र काळ्या पाषाणावर बसलेला आहे. बेसॉल्टमध्ये पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरात असतं, साठा थोडा. डिझेलच्या पंपाला दर तासाला पैसे लागतात म्हणून शेतकरी हात आखडता घेतो. सौरपंपाला उपशाचा खर्च शून्य. ऊन आहे तोवर पंप चालू. शेजारच्याची विहीर महिनाभर आधी आटते आणि दुष्काळात सगळ्यांचीच. हे उलटं अनुकूलन झालं: एकाला दिलेला दिलासा सगळ्यांचा धोका वाढवतो. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात २०१६ साली सौरपंपवाल्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली. तिथे पंपाची उरलेली वीज ग्रिडला विकता येते, त्यामुळे पाणी न उपसण्यालाही मोल आलं. तुमच्या पाड्यांवर ग्रिडजोडणी परवडेल असं वाटत नाही, पण बंधाऱ्याचं पाणी वापरा, पंप सामुदायिक ठेवा, किती दिवस किती तास उपसा हे गावाने आधी ठरवा आणि ते लिहून घ्या. आणि वैयक्तिक शेतकऱ्याला पंप हवा असेल तर राज्याच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के भरायचे असतात. तिथे अनुकूलनाचा दुर्मीळ पैसा घालू नका.

उलट दिशेचा संबंधही एका परिच्छेदात सांगून टाका: हवामान विजेलाही धक्का देतं. २०१५ च्या दुष्काळात परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. झांबियात दुष्काळाने जलविद्युत देणारं करिबा धरण उतरलं आणि सगळा देश भारनियमनात गेला. मुंबईतही हा संबंध दिसतो. भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह इथल्या पर्जन्य उदंचन केंद्रांचे पंप पाणी समुद्रात फेकतात, म्हणजे शहराचं पुरापासूनचं संरक्षण विजेवर चालतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा उपनगरांत कितीतरी वस्त्या पाण्यात होत्या आणि अंधारातही. गोवंडी-मानखुर्दला मीटर जवळपास घरोघरी आहेत, तरी मे महिन्यात पत्र्याखालचं घर रात्री थंड होत नाही. तिथे मी आधी छपराला पांढरा थर द्यायला सांगते आणि मग ७०-७५ वॅटच्या पंख्याऐवजी ३० वॅटच्या आसपास चालणारा पंखा. बिल वाढलं की लोक पंखा बंद करतात, म्हणून क्रम तसा.

प्रपोजल पुन्हा कसं लिहायचं ते आता. जागतिक बँक, आशियाई विकास बँक वगैरे बहुपक्षीय बँका अनुकूलनाचा खर्च मोजताना तीन गोष्टी बघतात, आणि बाकीचे फंडरही थोड्याफार फरकाने तेच बघतात: स्थानिक धोका नेमका सांगितलाय का, तो कमी करण्याचा उद्देश स्पष्ट लिहिलाय का, आणि प्रत्येक कामाचा त्या धोक्याशी थेट दुवा दाखवलाय का. तुमच्या मसुद्यात, तुम्ही सांगितलंय त्यावरून, सुरुवात पॅनलच्या किलोवॅटने होते. ती बदला. सुरुवात अशी करा: अतिवृष्टीच्या काळात या केंद्राची लाइन इतके दिवस तुटते, त्या दिवसांत रस्ताही बंद असतो, त्या काळात इतकी बाळंतपणं होतात आणि इतक्या गावांची लस इथे असते. मग उद्देश. मग यंत्र. किलोवॅट तिसऱ्या पानावर आले तरी चालतील.

बँका सगळा खर्च अनुकूलनात धरत नाहीत, फक्त धोक्यामुळे वाढलेला भाग धरतात. म्हणून बजेट फोडून दाखवा: साधी यंत्रणा एवढ्याची, जुलैसाठी वाढवलेली बॅटरी, वाऱ्याला टिकणारी पॅनलची पक्की बांधणी, बॅटरीखोलीचं उंच जोतं आणि वेगळं सर्किट यांचा जादा खर्च एवढा. हा जादा खर्च अनुकूलनाच्या फंडरकडे मागा आणि मूळ यंत्रणेसाठी राज्य योजना किंवा सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी, शोधा. दोन चोपड्यांतून एक काम उभं राहतं. जुळवाजुळवीला सहा महिने जास्त जातात, पण मला तरी दुसरा खात्रीचा मार्ग मिळालेला नाही.

कार्बन किती वाचतो ते एका ओळीत लिहा आणि सोडून द्या. ५ किलोवॅटची यंत्रणा वर्षाला साधारण ७ हजार युनिट देते, आपल्या ग्रिडच्या सरासरीने ५ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड वाचतो. या आकड्यावर कुणी पैसे देणार नाही, आणि तो पुढे केलात तर तुमचं प्रपोजल पुन्हा पहिल्या चोपडीत जाईल.

निर्देशकांत "बसवलेली पॅनल्स" नको. जून ते सप्टेंबरमध्ये ठरलेल्या सर्किटवर वीज नसलेले तास, लसीचं तापमान ८ अंशांवर गेलेले दिवस, पाड्यावर टँकर लागलेले आठवडे आणि दिवाळीनंतर गावात राहिलेली कुटुंबं, एवढे चार पुरेत.

आणखी एक. नाबार्ड या शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेचं मुख्य कार्यालय तुमच्याच शहरात, वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अनुकूलन निधीसाठी आणि हरित हवामान निधीसाठी ती मान्यताप्राप्त संस्था आहे. दोन आरोग्य केंद्रांएवढं लहान काम ते थेट घेणार नाहीत, पण जिल्हा पातळीवर आणखी तीन-चार संस्था बरोबर घेतल्यात तर बोलायला जागा आहे. जाताना जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र बरोबर असू द्या.

आता ती वही. पुढच्या आठवड्यात दोन्ही केंद्रांवर जा. वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी घ्या आणि मागच्या तीन वर्षांच्या जून ते सप्टेंबरच्या तापमान-नोंदींची झेरॉक्स काढा. ज्या ज्या ओळीपुढे "लाइट नाही" लिहिलंय ती मोजा, महिन्यावार तक्ता करा. हीच तुमची बेसलाइन, म्हणजे पुढे तुलना करायची सुरुवातीची स्थिती, आणि ती कुठल्याही सल्लागाराच्या सर्वेक्षणापेक्षा भरवशाची आहे, कारण ती प्रकल्प मिळावा म्हणून लिहिलेली नाही. तक्ता पहिल्या पानावर, झेरॉक्स परिशिष्टात. आणि सिस्टरांना विचारून, बॅटरीला पाणी कोण घालणार त्याचं नाव आणि हुद्दा देखभालीच्या पानावर लिहा. तक्ता झाला की मला दाखवा, जुलैचं मोजमाप आपण बरोबर बसून करू.